मीटर आमचे, किल्ल्या त्यांच्या

भांडण मंद्यानं सुरू केलं हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या मीटिंगला तो नाकबूल करणार आहे.

रविवारची सकाळ. बालेवाडीत आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर, टपरीला लागून सिमेंटचा कट्टा आहे, तिथं नेहमीचे पाच-सहा जण. सेक्रेटरी एक पत्र घेऊन आले, पाण्याच्या मीटरवाल्या कंपनीचं. आमच्याकडे ११२ फ्लॅट. उन्हाळ्यात टँकरचं बिल सगळ्यांनी सारखं भरायचं, आणि काही घरांत मात्र रोज गाडी न्हाऊन निघायची. यावरून दर एप्रिलला जुंपायची. तीन वर्षांपूर्वी घरटी मीटर बसवले, जुंपणं थांबलं. आता कंपनी म्हणते, सॉफ्टवेअरची वार्षिक फी दुप्पट. सेक्रेटरींनी दुसऱ्या कंपनीला बोलावलं. त्यांचा इंजिनिअर डक्टमध्ये डोकावला, गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "मीटर उत्तम आहेत. पण आम्हाला उपयोग नाही. सगळे बदलावे लागतील."

"शक्यच नाही," मंद्या म्हणाला. "आपले मीटर लोरावॅनवर चालतात. लोरावॅन ओपन स्टँडर्ड आहे. म्हणून तर मी हीच कंपनी घ्या म्हणत होतो."

मंद्या हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं म्हणणं कागदावर बरोबर होतं. लोरावॅन म्हणजे कमी बॅटरीत लांबवर चार-दोन आकडे पाठवायची रेडिओची पद्धत. गच्चीवर एक डबा, घरोघरी मीटर, आणि मधे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. नियम छापलेले आहेत, कुणीही वाचून यंत्र बनवू शकतो. (आतली रेडिओची चिप ज्या तंत्रावर चालते त्याचं पेटंट एका कंपनीकडे आहे, पण ते मंद्याला त्या सकाळी ऐकवलं असतं तर तो घरीच गेला असता.)

"मग अडलं कुठं?" सेक्रेटरी.

मंद्यानं त्या इंजिनिअरला फोन लावला. स्पीकरवर टाकला नाही, तेव्हाच मला शंका आली. दोन मिनिटं "हं… हं… हो का" आणि मग फोन खिशात.

"किल्ल्या नाहीत आपल्याकडे."

प्रत्येक मीटरला कारखान्यात एक गुप्त किल्ली दिलेली असते, बत्तीस आकडे-अक्षरांची. ती ज्याच्याकडे, त्यालाच मीटर ओळख देतो. ११२ मीटरांच्या ११२ किल्ल्या, आणि त्या सगळ्या जुन्या कंपनीच्या सर्व्हरवर. बरं, किल्ली मिळाली तरी मीटर जे पाठवतो ते बारा-पंधरा बाइट. त्यातले लिटर कुठले, बॅटरी कुठली, गळतीचा इशारा कुठला, हे सांगणारा कागद पाहिजे. तोही नाही. स्टँडर्ड पाकिटाचं होतं. आतलं पत्र कंपनीच्या मोडी लिपीत.

"म्हणजे तुझं ते ओपन स्टँडर्ड फक्त ब्रोशरपुरतं," पक्या म्हणाला आणि मोठ्यानं हसला. त्यानं चहावर फुंकर मारली ती नेमकी मंद्याच्या शर्टावर.

पक्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर. रस्त्यावरच्या दिव्यांची कामं केलेला माणूस, त्यामुळे त्याला हसण्याचा हक्क आहे. समोरच्या खांबाकडे हात करून त्यानं आम्हाला एक गोष्ट समजावली. हल्लीच्या एलईडी दिव्याच्या डोक्यावर सात पिनांचं सॉकेट येतं. त्यावर टोपीसारखा कंट्रोलर ठेवायचा, पिळायचा, बसला. अमेरिकेतलं हे जुनं स्टँडर्ड, आता बऱ्याच ठिकाणी चालतं. कुणाचाही दिवा, कुणाचीही टोपी. "पण टोपी बसली म्हणजे टोपी बोलली असं नाही. दिवा लागतो. डीम करायचा, बंद पडला तर कळवायचा, ते त्या-त्या कंपनीच्या भाषेत. एका रस्त्यावर तीन कंपन्यांच्या टोप्या असल्या की मोबाइलमध्ये तीन ॲप. मी स्वतः ठेवलेत."

"मग भाषेचंही स्टँडर्ड पाहिजे," मंद्या.

"आहे ना. पण टेंडरमध्ये लिहिणार कोण? आणि खरं सांगू का, मला एकच कंपनी परवडते. बिघडलं की एकाची मान धरता येते. मीटर एकाचा, डबा दुसऱ्याचा, सॉफ्टवेअर तिसऱ्याचं. रात्री अकराला पाणी बंद झालं की मीटरवाला म्हणतो डबा बघा, डबेवाला म्हणतो सॉफ्टवेअर बघा. तू मोकळा, सेक्रेटरी लटकले."

सेक्रेटरींनी मान डोलावली. हे मला खोडता आलं नाही, आजही येत नाही. मोकळ्या व्यवस्थेत जबाबदारीही मोकळीच फिरते, आणि ती सांभाळायला कुणीतरी जाणता माणूस पगारावर ठेवावा लागतो. त्याचा खर्च कुणी धरत नाही.

अण्णांनी घसा साफ केला. अण्णा रेल्वेतून निवृत्त, नोकरीची पहिली वर्षं मिरजेला काढलेली. "तुमचं हे ऐकून मला मिरजेचा ट्रान्सशिपमेंट यार्ड आठवला," ते म्हणाले. आणि एकदा मिरज निघाली की थांबवायची नसते, हा कट्ट्याचा अलिखित नियम.

मिरज जंक्शनवर त्या काळी तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधली तीन वेगवेगळी अंतरं. पुण्याकडून ब्रॉडगेज, लोंढ्याकडून मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइटची नॅरोगेज, अडीच फुटांची. रूळ तिन्हीकडे लोखंडाचेच, इंजिनं धडधाकट, पण पुण्याचा डबा पुढं एक इंच जात नसे. "साखरेची पोती एका वॅगनमधून काढायची, दुसऱ्या वॅगनमध्ये भरायची. हमालांच्या टोळ्याच्या टोळ्या. पोतं फुटायचं, साखर सांडायची, तिचा पंचनामा व्हायचा. आणि सगळ्यांना वाटायचं, हे असंच असतं." १९९२ला रेल्वेनं युनिगेजचं, म्हणजे सगळीकडे एकच गेज करायचं, काम मोठ्या प्रमाणावर हातात घेतलं, तेव्हा हळूहळू हे संपलं. पंढरपूरच्या मार्गाला तर पुढची पंधरा-वीस वर्षं लागली.

"म्हणजे ही कंपनी आपला हमाल," पक्या.

"हमालाला नावं ठेवू नकोस. तो पोतं तरी उचलायचा."

एवढ्यात टपरीवरचा साउंडबॉक्स ओरडला, "तीस रुपये मिळाले." मंद्यानं ती संधी सोडली नाही. "हे बघा! टपरीवाल्या मामांकडे पूर्वी चार क्यूआर चिकटवलेले होते की नाही? ज्याचं जे ॲप, त्याचं ते स्टिकर. आता एक. कुणीही कुठल्याही ॲपनं पैसे देतो." खरं आहे. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, नवा खासगी क्यूआर आणायचा नाही, आणि असलेले ३१ मार्च २०२२पर्यंत यूपीआय किंवा भारत क्यूआरवर न्यायचे. कंपन्यांना एकमेकींबद्दल अचानक प्रेम वाटू लागलं म्हणून हे झालेलं नाही. वरून छडी आली.

मामा पातेल्यात आलं ठेचता ठेचता म्हणाले, "स्टिकर कुणाचंबी चालतं. ह्या डब्याचं भाडं मात्र दर महिन्याला जातं. आणि हा त्या एकाच कंपनीचे पैसे बोलतो. दुसरीचं स्टिकर लावलं तर मुका."

मंद्या गप्प. चर्चेतलं सगळ्यात नेमकं वाक्य फुकटात मामांनी दिलं. एक थर उघडला की दुकान पुढच्या थरावर सरकतं. क्यूआर मोकळा झाला, आवाजाचा डबा बंद राहिला. लोरावॅन मोकळं, किल्ली बंद.

इथवर वहिनी पेपर वाचत होत्या. त्या लेखापरीक्षणातून निवृत्त झाल्यात, त्यामुळे बोलल्या की कागदच मागतात. "वर्क ऑर्डर आहे का फोनमध्ये?" सेक्रेटरींनी पीडीएफ शोधली. कलम चौदा, इंग्रजीत: सदर यंत्रणा ओपन स्टँडर्डवर आधारित आहे.

"आधारित!" वहिनी म्हणाल्या. "सिनेमेसुद्धा सत्यघटनेवर आधारित असतात. किल्ल्या कुणाच्या, डेटा कुणाचा, काम संपल्यावर काय काय परत द्यायचं, ते कुठंय?"

कुठंच नव्हतं.

वहिनींची मुलगी टोरोंटोत असते, त्यामुळे तिथलं क्वेसाइड प्रकरण त्यांना तोंडपाठ. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये गूगलच्या भावंड-कंपनीची, साइडवॉक लॅब्सची, तळ्याकाठच्या बारा एकरांवर स्मार्ट वस्ती आखायला निवड झाली. २०१९च्या जूनमध्ये दीड हजारांवर पानांचा आराखडा आला. त्यात स्टँडर्डची भाषा भरपूर होती: रस्त्यावरच्या खांबाला यूएसबीसारखी ठरावीक बैठक, वीज आणि नेटवर्क तिथंच, कुणीही आपला सेन्सर आणून लावावा. "वाचलं तर मंदार खूश होईल असंच सगळं. आणि लोक तरीही उठले. ते विचारत होते, सॉकेट कितीही मोकळं ठेवा, रस्त्यावर चालणाऱ्या माणसाची माहिती जाणार कुणाकडे?" ओंटारिओच्या माजी गोपनीयता आयुक्त ॲन कव्हुकियन या प्रकल्पाच्या सल्लागार होत्या. माहितीतली ओळख सेन्सरपाशीच पुसली जाईल, याची खात्री इतर कंपन्यांच्या बाबतीत मिळेना, म्हणून २०१८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. ७ मे २०२०ला कंपनीनं गाशा गुंडाळला. कारण दिलं कोविडच्या काळातल्या आर्थिक अनिश्चिततेचं.

"आपल्या पाण्याच्या मीटरमध्ये कसली आलीय गोपनीयता?" पक्या.

वहिनींनी वॉचमनच्या केबिनकडे बोट दाखवलं. तिथं भिंतीवर टीव्ही आहे, त्यावर फ्लॅटवार तासातासाचा पाण्याचा आकडा दिसतो. गळती लवकर कळावी म्हणून मीच तो लावायला सांगितला होता. "६०२चे लोक गावी गेलेत हे मला परवा कसं कळलं? चार दिवस शून्य लिटर. मला कळलं, तर पार्सल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला कळलं."

मी चहाच्या ग्लासात बघत बसलो. टीव्ही त्याच दिवशी दुपारी बंद केला, एवढं इथं सांगून टाकतो.

मंद्याचा उत्साह मात्र मरत नाही. त्यानं आठवण करून दिली की २५ जून २०१६ला स्मार्ट सिटीच्या कामांचा नारळ पुण्यात इथंच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात फुटला, आणि औंध-बाणेर-बालेवाडी हाच पट्टा नमुन्यासाठी निवडला होता. शहरांचा डेटा एका ठरलेल्या पद्धतीनं देता-घेता यावा म्हणून बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञानसंस्थेत आययूडीएक्स नावाची देवाणघेवाणीची यंत्रणा उभी राहिली, बीआयएसनं, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यासाठी आयएस १८००३ हे स्टँडर्ड काढलं. "स्मार्ट सिटी मिशन मार्च २०२५ला संपलं, पण स्टँडर्ड राहिलं ना? ते कुणीही वापरावं."

"वापरावं," वहिनी म्हणाल्या. "पण बार्सिलोनानं केलं तसं आधी करारात लिहावं, की डेटा शहराचा आणि तो मशीनला वाचता येईल अशा रूपात परत मिळाला पाहिजे. तुझं स्टँडर्ड मला लग्नपत्रिकेसारखं वाटतं रे. छान छापतात. मला काडीमोडाची कलमं दाखव."

मग प्रत्यक्ष काम झालं. मामांच्या वहीतलं पान फाडून वहिनींनी मजकूर सांगितला, सेक्रेटरींनी लिहिला. एक, ११२ मीटरांच्या किल्ल्या तीस दिवसांत द्या. दोन, बाइटांचा तक्ता द्या. तीन, तीन वर्षांचे आकडे सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलीत, द्या. चार, हे दिल्यावरच नव्या फीबद्दल बोलू. मंद्यानं पाचवं कलम घुसवायचा प्रयत्न केला: यंत्रणा मुक्त सॉफ्टवेअरवर आणून सोसायटीनंच चालवावी. पक्यानं विचारलं, "आणि तू बंगळुरूला गेलास की?" पाचवं कलम खोडलं गेलं. किल्ल्या मिळाल्या तर बरं, नाहीतर अठरा टक्के जीएसटीसकट नवे मीटर घ्यायचे, यावर सेक्रेटरींचा हिशेब मनातल्या मनात सुरू होता. ओठ हलत होते.

तेवढ्यात टँकर आला. चालकानं पाइप टाकीत सोडला, वॉचमननं वहीत लिहिलं: दहा हजार लिटर.

अण्णांनी चष्मा वर केला. "काय हो सेक्रेटरी, ह्या टँकरला मीटर आहे का?"

"नाही. चालक सांगतो तेवढं लिहितो आपण."

पक्या उठला आणि टँकरच्या मागची, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायला गेला.