‘बॅटरी खाणारा चार्जर’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला हॉटेलमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमचं लिहिणं वाचून इथे थांबणारी माणसं बिचकतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: आमच्या फास्ट चार्जरवर दोनदा इलेक्ट्रिक गाडी लावली आणि रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, ३० किलोमीटरनं घटली, गिऱ्हाईक बसून आणखी एक प्लेट भजी खाईल म्हणून ८० टक्क्यांनंतर आम्ही मशीन मुद्दाम हळू करतो, आणि आमचा पोरगा उद्धट बोलला.

पोराचं चुकलंच. मागं दोन गाड्या ताटकळत होत्या, तरी “काढा की आता” असं गिऱ्हाइकाला म्हणायचं नसतं. त्याला समज दिलीय. माफ करा.

भज्यांचं मात्र लागलं हो. मिरची भजी खपवायला ३० किलोवॅटचं मशीन बसवायची काय गरज? संकेश्वरच्या हायवेवर ती तशीच खपतात.

चार्जिंगचा वेग आम्ही ठरवत नाही, तुमची गाडी ठरवते. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं तोंड, लावली की गाडीतली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, मशीनला सांगते, एवढाच करंट दे. त्याच्यावर मशीन एक अँपिअर देत नाही. बॅटरी भरत आली की सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतं. तेव्हा तसाच जोर ठेवला तर सेलला इजा होते, म्हणून गाडीच हात आखडता घेते. घागर काठोकाठ यायला लागली की आपण नळ बारीक करतो, तसं. तुमची त्या दिवसाची नोंद मशीनमध्ये आहे: १८ वरून ८० टक्के व्हायला ५३ मिनिटं, पुढच्या २० टक्क्यांना ४४. त्या ४४ मिनिटांत बेळगाव गाठून झालं असतं.

आता रेंज. डॅशबोर्डवरचे किलोमीटर हा गाडीनं बांधलेला अंदाज असतो, आधी गाडी कशी चालली त्यावरून. तुम्हीच लिहिलंय, कोल्हापूरहून शंभरच्या वर वेगानं, एसी लावून आलात. त्यात निपाणी सोडल्यावर तवंदी घाटाची चढण. आकडा उतरणारच. दोन चार्जिंगमध्ये बॅटरीची तब्येत एवढी ढासळत नाही. खरं बघायचं तर सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा एसओएच रिपोर्ट, म्हणजे बॅटरीची तब्येत किती टक्के शिल्लक आहे त्याचा कागद, काढा. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. रिपोर्टमध्ये खोट निघाली तर कंपनीला धरा.

पण फास्ट चार्जिंगनं काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. घरच्या प्लगची वीज गाडीतल्या लहान चार्जरमधून, ३.३ नाहीतर ७.२ किलोवॅटनं, सावकाश बॅटरीत जाते. आमचं मशीन तो चार्जर वगळून थेट बॅटरीत ओततं. करंट जास्त, म्हणून उष्णता जास्त, आणि उष्णतेनं सेल लवकर म्हातारे होतात. प्रवासात अधूनमधून लावली तर चिंता नको. रोज, तापलेली गाडी, तीही शंभर टक्क्यांपर्यंत, हे नको. माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतोय, पण माझी स्वतःची गाडी रात्री गोठ्याशेजारच्या १५ अँपिअरच्या प्लगवरच असते, दारात हे मशीन असून.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय ते मला जास्त खटकलं: फुल्ल करून नेली आणि चार दिवस अंगणात उन्हात उभी होती. साहेब, शंभर टक्के भरलेली बॅटरी उन्हात तापत ठेवणं आमच्या दोन चार्जिंगपेक्षा वाईट. तुमची बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर एरवी ८० टक्क्यांना थांबवा. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) असेल तर बऱ्याच कंपन्या आठवड्यातून एकदा सावकाश शंभर करायला सांगतात, म्हणजे टक्क्यांचा हिशेब चुकत नाही. मॅन्युअलमध्ये बघा.

पुढच्या खेपेला घाट चढून आलात की आधी गाडी चिंचेखाली सावलीत लावा, थोडी निवू दे, मग गन जोडू. तोवर चहा माझ्याकडून. भजी मागितलीत तरच आणीन.