चौथा काप

मुलीला जर्मनच्या तासाला वोल्फगांग बोर्शर्टची कथा आहे. बोर्शर्ट आमच्या हॅम्बर्गचाच, 26 व्या वर्षी गेला. 1946 सालच्या या कथेचं नाव नुसतं 'पाव'. रात्री अडीचला बायकोला जाग येते. स्वयंपाकघरात नवरा उभा, टेबलावर सुरी आणि पावाचा चुरा. टंचाईच्या त्या दिवसांत त्यानं चोरून पाव खाल्लाय आणि 39 वर्षांच्या संसारानंतर तो तिच्याशी खोटं बोलतो. ती काही बोलत नाही. दुसऱ्या संध्याकाळी मात्र तीनाऐवजी चार काप त्याच्यापुढे सरकवते. म्हणते, मला हा पाव संध्याकाळी सोसत नाही.

कथा वाचली आणि घरच्या ग्रुपवरचं अंड्याचं भांडण आठवलं. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला. द्यायचंच तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं. ग्रुपवर शंभर मेसेज आले. संस्कृती, सात्त्विक, परंपरा. ज्या पोराच्या ताटातून अंडं गेलं, त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

इथेही सगळं आलबेल नाही. 2019 मध्ये लाइपझिगच्या पाळणाघरांनी जेवणातून डुकराचं मांस वगळायचं म्हटलं, तर पोलीस पहारा लावावा लागला. अन्नाचा झेंडा केला की जेवणारा दिसेनासा होतो, मग देश कुठलाही असो.

साहित्यातही अन्न प्रतीकच असतं, पण तिथे ते कुणाच्या तरी पोटातून आलेलं असतं. नारायण सुर्व्यांच्या 'भाकरीचा चंद्र'मागे एका कामगाराची अख्खी जिंदगी आहे. बहिणाबाईंची भाकर हाताला चटके बसल्यावरच मिळते. आणि 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत आपण जेवायला बसतो, तेव्हा शाहू पाटोळ्यांनी मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकावरच्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे नाव का दिलं, ते समजून घ्यायला हवं. कुणाचं अन्न अन्नात धरायचं, हेही आपल्याकडे जातीनंच ठरवलं. ग्रुपवरच्या वादात हे पुस्तक कुणी काढलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

रविवारी आईला फोनवर बोर्शर्टची गोष्ट सांगितली. तिनं 1972 चा दुष्काळ पाहिलाय, सुकडीवर दिवस काढलेत. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आमची आई बी असंच म्हणायची. रातच्याला भाकर पचत नाही मला."