हा कायदा कुणी मागितला होता? वऱ्हाडचा कापूस, नीरेचा ऊस आणि इंग्रज सरकार

कापसाचे भाव पडले की फेसबुकवर दरवर्षी तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, बाजार समित्या, कालवे, साखर कारखाने हे सगळं इंग्रजांनी घालून दिलं, आपल्याला ते नीट चालवताही येत नाही. दुसरा म्हणतो, इंग्रजांनी लुटलं, दुसरं काही केलंच नाही. मी वऱ्हाडातला, कास्तकाराच्या घरातला. या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलोय, आणि मला दोन्ही बाजूंचा राग येतो. जुने कायदे उघडून बघायचे कष्ट कुणी घेत नाही. ते बघताना माझ्या मनात एकच प्रश्न असतो: हा कायदा कुणी मागितला होता? कुणासाठी झाला, ते त्यावरून लवकर कळतं.

कापसापासून सुरुवात करतो, कारण आमचं सगळं तिथूनच सुरू होतं.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी कापूस पुरवठ्यासाठी आपली एक संघटना उभी केली. सगळा कापूस अमेरिकेतून येतो, उद्या तिथं काही झालं तर काय, ही त्यांची धास्ती होती. ती खरी ठरली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि मुंबईच्या कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. मुंबईत शेअरचा धुमाकूळ झाला, कापूस आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद त्याच काळात वर गेले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले. तो भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याच काळात सरकारनं कापसासाठी जे केलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

१८६३ मध्ये मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला. रुईत सरकी, माती, दगड मिसळले, पाणी मारलं तर शिक्षा. तपासायला निरीक्षक नेमले. पुढं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर आला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. पीक किती, बियाणं कोणतं, माल कोणत्या रस्त्यानं येतो, याची नोंद ठेवायची आणि माल लवकर बंदराला लावायचा, हे त्याचं काम. जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकला, आणि १८७० मध्ये तो उघडायला व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. काही मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हॉइसरॉय वऱ्हाडात! आमच्या मातीची किंमत त्यांनी किती नेमकी ओळखली होती, ते यावरून समजावं.

भेसळीला शिक्षा असू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पाणी मारलेला कापूस प्रामाणिक शेतकऱ्याचाही भाव पाडतो. पण या सगळ्या बंदोबस्तात चांगला माल आणणाऱ्याच्या पदरात जास्त काही पडेल, अशी सोय कुठंच नव्हती. ज्यांनी जुना बाजार पाहिलाय त्यांना हे चित्र आठवेल. व्यापारी कापसाच्या बंडीजवळ (बैलगाडीजवळ) येतो, वरचा कापूस बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातला पुंजका काढतो, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणतो. त्याला एका क्षणात कळतं माल काय आहे. तो ते बोलत नाही. भाव बोलतो, आणि तो भाव आधीच्या बंडीचाच असतो.

म्हणूनच हिंगणघाटच्या कापसाचं जे झालं ते झालं. 'हिंगणघाट' हे नाव एके काळी लांब, मऊ धाग्यासाठी परदेशात ओळखलं जायचं. आमच्याकडं त्या जातीला बनी म्हणत. दुसरी जात जरी. धागा आखूड आणि जाड, पण रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर हाती लागणारी रुई, जास्त. शेतकरी हळूहळू बनी सोडून जरीकडे वळला. निर्यातदार ओरडले, दर्जा घसरला म्हणून अहवाल लिहिले गेले, शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याचे प्रयत्न झाले. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीखात्यानंच हिशोब केला आणि आखूड धाग्याच्या पण भरपूर उताऱ्याच्या 'रोझियम' जातीचा प्रसार सुरू केला, कारण कास्तकाराला पैसे त्यातच सुटत होते. क्लाउस्टन नावाचा शेतीखात्याचा अधिकारी यामागं होता. या माणसाबद्दल मला खरोखर आदर वाटतो. धोरण बाजूला ठेवून त्यानं शेतकऱ्याचा जमाखर्च पाहिला. असे अधिकारी थोडेच, पण होते, आणि त्यांचं नाव घेतलंच पाहिजे.

आता बाजार समिती. १८८६ मध्ये कारंजाचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव सांगतात. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटकडे, म्हणजे तिथल्या इंग्रज प्रतिनिधीकडे होता. एखादी जागा बाजार म्हणून जाहीर करायची, समिती नेमायची, दलाल आणि मापाडी परवान्याचे, वजनं तपासलेली. हे काम चांगलं होतं, यात मला शंका नाही. त्याआधी मापाडी कुणाचा, काटा कुणाचा, कडता (वजनातली कपात) किती, याला धरबंध नव्हता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल, त्यालाच तो शेवटी कळायचा. परवान्याचा मापाडी ही गरीब माणसाला मिळालेली खरी मदत होती.

पण त्या समितीत बसायचं कोण? व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी. कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. तीस वर्षांनी, १९२८ मध्ये, लॉर्ड लिनलिथगोच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगानं आपल्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारांचं कौतुक केलं आणि नेमकं यावरच बोट ठेवलं. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला, तेव्हा कुठं पिकवणाऱ्याला समितीत बसवायचा विचार कायद्यात आला. 'बाजार समिती शेतकऱ्यासाठी जन्माला आली' असं जे लिहितात, त्यांनी मधली ही तीस वर्षं लक्षात ठेवावीत. ती जन्मली वजनाचे तंटे मिटावेत आणि माल सुरळीत वाहावा म्हणून. तिच्यात शेतकरी नंतर शिरला, आणि अजून पुरता शिरलेला नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं मन सगळ्यात जास्त पेटतं ती सांगतो.

हे सरकार व्यापारात हात घालत नाही, असं ते स्वतः सांगायचं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात व्हॉइसरॉय लिटनच्या सरकारनं धान्याच्या व्यापाराला हात लावू दिला नाही. भाव चढू द्या, चढला की माल आपोआप येईल, हे तत्त्व. माणसं रस्त्यावर मरत होती आणि बंदरातून धान्य बाहेर जात होतं. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी रिचर्ड टेंपल या सरकारी अधिकाऱ्यानं इतकी खाली आणली की कामावरचे लोक काम सोडून निघाले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्यांच्या बाजूनं सरकारशी झगडावं लागलं. कापसाच्या गासडीत किती सरकी आहे हे पाहायला ज्या सरकारकडे निरीक्षक होते, त्याच सरकारला ज्वारीच्या भावाबद्दल विचारलं की व्यापाराचं स्वातंत्र्य आठवायचं. त्या काळाच्या अर्थशास्त्राचा दाखला देऊन हे माफ करणारे लोक मला भेटतात. मी ते माफ करू शकत नाही. तत्त्व खरोखर पाळलं असतं तर ते कापसालाही लावलं असतं.

आणि कापडाचं पाहा. १८८२ पर्यंत विलायती कापडावरची जकात पूर्ण काढून टाकली होती. १८९४ मध्ये सरकारी तिजोरी रिकामी झाली, म्हणून जकात परत बसवावी लागली. लँकेशायर, म्हणजे मँचेस्टरच्या गिरण्यांचा मुलूख, खवळलं. त्याची समजूत काढायला हिंदी गिरण्यांच्या सुतावर, विसाच्या वरच्या नंबरावर म्हणजे बारीक सुतावर, तेवढाच कर लावला. त्यानंही भागलं नाही. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी (उत्पादनावरचा कर), असा बरोबरीचा हिशोब झाला. आपल्याच देशातल्या मालावर कर कशासाठी, तर परदेशी मालाला अडचण होऊ नये म्हणून. यात सगळ्यात जास्त भरडलं गेलं जाडंभरडं कापड. तसं कापड लँकेशायर फारसं काढतही नव्हतं. ते काढायच्या मुंबईच्या गिरण्या, आणि त्या गिरण्यांना लागायचा आमचा आखूड धाग्याचा कापूस. कर गिरणीवर दिसत होता, पण आमच्या बंडीच्या गिऱ्हाइकावरच तो बसला होता. हा अबकारी कर थांबायला १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. जवळपास तीस वर्षं.

याच्या शेजारी साखर ठेवून पाहा.

दख्खनमधले कालवे मुळात दुष्काळ निवारणासाठी काढले. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पैसे देऊन पाणी घेईना, आणि कालव्याचा खर्च निघेना. मग उसाला पाणी द्यायचं ठरलं. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. त्यांनी नीरेवर गट पद्धत बसवली: ठरावीक गटात काही वर्षांच्या करारानं पाणी, त्यातल्या काही भागात ऊस, बाकीच्यात भुसार. दुष्काळासाठी काढलेल्या कालव्यावर गुऱ्हाळं उभी राहिली. सासवडचे माळी आपलं गाव सोडून कालव्याच्या काठानं पसरले. दुसऱ्याच्या जमिनी खंडानं घेतल्या, पाणी आणि खत यांचं गणित जमवलं आणि एकरी असा गूळ काढला की आजूबाजूचे लोक पाहायला यायचे.

१९३० च्या आसपास जगभर मंदी आली, गुळाचा भाव कोसळला. त्याच वेळी जावाची साखर मुंबई-कराचीला येऊन पडत होती. जकात मंडळानं १९३१ मध्ये चौकशी केली आणि १९३२ मध्ये साखरेला संरक्षण मिळालं: हंड्रेडवेटला (सुमारे ५१ किलोला) सव्वासात रुपये जकात, अधिभार धरून नऊ रुपये एक आणा, आणि हमी थेट १९४६ पर्यंतची. परिणाम चार-पाच वर्षांत दिसला. देशात आधुनिक साखर कारखाने तिसाच्या आसपास होते, ते एकशेतीसच्या वर गेले. बाहेरून साखर आणायची गरजच जवळपास संपली.

एवढं उदार संरक्षण कसं मिळालं? माझं उत्तर सरळ आहे. जावा डच लोकांचा होता. जावाच्या कारखानदाराला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मत नव्हतं, लँकेशायरच्या मजुराला आणि मालकाला होतं. शिवाय उत्तरेत इंग्रज कंपन्यांचेच साखर कारखाने होते, त्यांचाही फायदा होता. देशी उद्योगाला जकातीचं छप्पर दिलं की तो उभा राहतो, हे सरकारला तोवर समजलं नव्हतं असं म्हणायला जागाच राहत नाही. १९३२ मध्ये त्यांनी ते चार वर्षांत करून दाखवलं. १८९६ मध्ये त्यांना ते करायचं नव्हतं.

तरीही साखरेच्या गोष्टीतला मला सगळ्यात प्रिय भाग सरकारचा नाही. सवलत मिळाल्यावर बहुतेक ठिकाणी भांडवलवाले धावले, आणि ते साहजिकच होतं. पण सासवडच्या माळ्यांनी आपल्या ऊसवाल्यांचेच पैसे जमवून १९३२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि माळशिरस तालुक्यात माळीनगरचा कारखाना उभा केला. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक! प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तो १९५० मध्ये. त्याच्या अठरा वर्षं आधी माळीनगरच्या लोकांनी हे धाडस केलं होतं. शाळेच्या पुस्तकात त्यांना याहून मोठी जागा हवी.

सरकारचा हातही लगेच मागं आला. बाहेरची साखर थांबली तसं जकातीचं उत्पन्न आटलं, आणि १९३४ मध्ये देशी साखरेवर अबकारी बसली. उसाला किमान भाव ठरवायचा अधिकार प्रांतांना देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश) आणि बिहारनं तो वापरला. आमच्या मुंबई इलाख्यात उसाला भाव बांधून मिळाला नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण ऑगस्ट २०२५ चं आहे. केंद्र सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात जकात आधी ३० सप्टेंबरपर्यंत माफ केली आणि मग ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमचा नवा कापूस ऑक्टोबरपासून बाजारात येतो. अमेरिकेनं आपल्या कापडावर जबर कर लावला होता, कापड उद्योग अडचणीत होता आणि त्यांनी ही सवलत मागितली होती, हे मला मान्य आहे. गिरणी जगली पाहिजे, ती आमचंच गिऱ्हाईक आहे. पण हा निर्णय घेताना वेचणी तोंडावर आलेल्या कास्तकाराच्या वतीनं खोलीत कोण बसलं होतं? गिरणीला द्यायची ती मदत सरकारनं तिजोरीतून द्यावी, आमच्या भावातून नको. आणि जकात बदलायचीच असेल तर पेरणीच्या आधी सांगा, म्हणजे काय पेरायचं ते माणूस ठरवू शकेल. एवढी मागणी आमच्या भागातल्या आमदार-खासदारांनी, पक्ष कोणताही असो, लेखी करावी.

एक विनंती. कारंजा, खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट या भागात कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातल्या अडतीच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) असतील, तर त्यांचे फोटो कमेंटमध्ये टाका. भावापेक्षा मला त्यातल्या कपाती पाहायच्या आहेत: अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता, जे काही कापलं असेल ते. साल वाचता येत असेल तर सोबत लिहा.