स्वीडनचा कचरा संपला म्हणे! त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

"स्वीडनचा कचरा संपला, आता ते दुसऱ्या देशांकडून मागवतात! आणि आपली मुंबई??" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय आणि मी तो बरेच दिवस सोडून देत होते. पण मग आमच्या आत्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली "अगदी खरंय" आणि हात जोडलेले. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण तिच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोच मेसेज मोठ्याने वाचला गेला आणि त्याच्या जोरावर ठरलं काय, तर कचरा वेचायला येणाऱ्या बाईला गेटच्या आत घ्यायचं नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वीडनकडे कचराच उरला नाही. ब्रिटनने प्रदूषण निम्म्यावर आणलं, घाण करतात ते भारत आणि चीन. तिकडचे लोक भरपूर खरेदी करतात आणि तेवढंच रिसायकल करतात. मुंबई महापालिकेचं बजेट राज्यांपेक्षा मोठं, पण सगळं झोपडपट्टीवर उडतं जी एक रुपया टॅक्स भरत नाही. त्यामुळे कचऱ्याचं वेगळं शुल्क देऊ नका, वेचणाऱ्यांना हाकला, आणि डम्पिंग ग्राउंड मुंबईबाहेर न्या. खाली "जागे व्हा".

स्वीडनचं आधी उरकून टाकते. तिथे घरचा कचरा एक टक्कासुद्धा डम्पिंगला जात नाही, हे खरं आहे, मान्य. पण तो संपलेला नाहीये, त्यातला जवळपास निम्मा जाळतात आणि त्या उष्णतेवर घरं गरम ठेवतात. भट्ट्या इतक्या बांधून ठेवल्यात की स्वतःचा कचरा पुरत नाही, म्हणून बाहेरून आणतात, आणि वर आणायचे पैसे पाठवणाऱ्याकडूनच घेतात. जाळल्यावर जी विषारी राख उरते तिचं काय? त्यातली बरीचशी नॉर्वेच्या लांगोया नावाच्या बेटावर जाऊन पडली. मेसेजमध्ये राख नाहीये. राखेचा फोटो कोण फॉरवर्ड करणार म्हणा.

ब्रिटनचा मुद्दा मात्र चलाख आहे, कारण आकडा खोटा नाही. 1990 पासून ब्रिटनच्या हद्दीत होणारं उत्सर्जन खरंच साधारण निम्म्यावर आलं. हद्दीत, हं. शर्ट बांगलादेशात शिवला, फोन चीनमध्ये जोडला, पोलाद आणखी कुठे वितळवलं, तर धूर त्या देशाच्या खात्यावर आणि वस्तू लंडनच्या कपाटात. डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरण संस्थेचा ब्रिटनवरचा 2020 चा अहवाल आहे, त्यात हिशोब उलटा मांडलाय, म्हणजे वस्तू कुठे बनली ते सोडून वापरली कोणी ते बघितलंय, आणि तसं बघितलं तर ब्रिटनच्या कार्बनपैकी 46 टक्के देशाबाहेर तयार होतो. जवळपास निम्मा! कारखाने बाहेर गेले, खरेदी थांबली नाही, आणि आता तेच आपल्याला मार्क देतायत. भारत एकूण आकड्यात वर आहे, ते कोणी नाकारत नाही, पण आपण माणशी साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन माणूस त्याच्या सातपट.

"भरपूर खरेदी, भरपूर रिसायकल" हे तर फारच झालं. वर्षानुवर्षं रिसायकल म्हणजे काय होतं, तर कंटेनर भरायचा आणि चीनला पाठवायचा. 1 जानेवारी 2018 पासून चीनने दार लावलं तसे ते कंटेनर मलेशिया, थायलंड, तुर्की असे हिंडायला लागले. 2020 च्या सुरुवातीला मलेशियाने सांगितलं की आम्ही 150 कंटेनर 13 देशांना परत पाठवलेत, त्यात ब्रिटन आहे, फ्रान्स आहे, अमेरिका आहे. आणि आपण? आपण प्लास्टिक कचऱ्याची आयात 2019 मध्ये पूर्ण बंद केली, कागदावर. तरी उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या पेपर मिलमध्ये परदेशी रद्दीच्या गठ्ठ्यांतून अमेरिकेतली कुरिअरची प्लास्टिक पाकिटं निघालीच, त्याच्या बातम्या 2022 मध्ये आल्यात. तिकडच्या कोणीतरी ते पाकीट मन लावून वेगळ्या डब्यात टाकलं असेल, आणि ते इथे जळलं.

आता महापालिका. बजेट राज्यांपेक्षा मोठं हे बरोबर आहे, 2025-26 चं 74,427 कोटींचं होतं, गोव्याच्या दुपटीपेक्षा जास्त. पण "सगळं झोपडपट्टीवर"? त्यातले 43 हजार कोटींच्या वर भांडवली खर्च होता, म्हणजे कोस्टल रोडचा पुढचा टप्पा, गोरेगाव-मुलुंड लिंक रोड, बोगदे, पूल, सांडपाण्याचे प्लांट. वर्सोवा-दहिसर कोस्टल रोडवरून कोण जाणार आहे, गोवंडीचा रिक्षावाला? रिक्षाला तर आत्ताच्या कोस्टल रोडवरसुद्धा बंदी आहे.

आणि टॅक्स कोण भरत नाही ते पण बघून घेऊ. 1 जानेवारी 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. हा मेसेज ज्या वन बीएचकेंमधून फिरतोय त्यातल्या कितीतरी घरांना स्वतःलाच ती माफी आहे आणि ती कोणी परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट महापालिकेचं मोठं उत्पन्न म्हणजे जकात गेल्यावर जीएसटीतून मिळणारी भरपाई. साबणावर, बिस्किटावर, मोबाईलच्या रिचार्जवर जीएसटी झोपडीतला माणूस भरतो की नाही? का त्याच्यासाठी दुकानात वेगळा काउंटर आहे?

पैसा वाया जातो यावर मी वाद घालणार नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली 1,700 कोटी काढले आणि दिव्याच्या खांबांना लायटिंग गुंडाळलं, मिठी नदीच्या गाळाच्या कामात 65 कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा 2025 मध्ये दाखल झाला. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती 2026 उजाडेपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हातात, विचारणार कोण? त्यावर मेसेज करा ना, मी स्वतः फॉरवर्ड करीन.

पण खरा संताप ज्याचा आला तो शेवटचा मुद्दा, "डम्पिंग मुंबईबाहेर न्या". आत्या, तू चेंबूरला राहतेस. तू ज्या हार्बरने इतकी वर्षं ऑफिसला गेलीस ती कुर्ला-चेंबूर लाईन मुळात 1906 मध्ये टाकली ती कचरागाड्यांसाठी, प्रवासी त्यावरून जायला लागले 1924 मध्ये. तेव्हा तुझं चेंबूर हेच "मुंबईबाहेर" होतं! फोर्ट-गिरगावचा कचरा रेल्वेने भरून देवनारच्या खाजणात ओतायचे, आणि देवनारचं डम्पिंग 1927 पासून आजपर्यंत आहे. मग शहर वाढत वाढत तिथपर्यंत आलं, तू फ्लॅट घेतलास, आणि जानेवारी 2016 मध्ये त्याला आग लागली तेव्हा दिवसचे दिवस खिडक्या लावून बसलीस, आठवतंय ना? तुला धूर होता तर शिवाजीनगर-बैंगनवाडीला काय असेल, ते तर त्या डोंगराला टेकूनच आहेत. तो एम पूर्व वॉर्ड, 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत शेवटचा. आख्ख्या मुंबईच्या हॉस्पिटलांचा कचरा जाळायचा प्लांट ठेवला तोही तिथेच. लोक कोर्टात गेले, हायकोर्टाने 2023 मध्ये तो हलवायला सांगितला, आणि हलवायचा कुठे ठरलं तर खालापूरकडे. डम्पिंगसाठी पण अंबरनाथ तालुक्यातलं करवले गाव कधीचं धरून ठेवलंय, तिथले गावकरी कधीपासून नको नको म्हणतायत. घर झाडून केर शेजारच्या दारात सारायचा आणि म्हणायचं आमचं घर किती लख्ख! लंडनने मलेशियाला जे केलं तेच आपण करवल्याला करायला निघालोय, फक्त आपल्याकडे कंटेनरऐवजी डंपर.

बरं, देवनारचा जुना डोंगर उपसायला 2025 मध्ये टेंडर काढलं ते 2,368 कोटींचं, 185 लाख टन कचऱ्यासाठी. कुठेतरी नेऊन ओतणं स्वस्त पडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

राहिली कचरा वेचणारी बाई. आत्याच्याच गेटशी मी तिला काम करताना बघितलंय. पुठ्ठ्याची खोकी पायाने चेपून एका बाजूला, दुधाच्या पिशव्या वेगळ्या गोणीत, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं. तिथून भंगारवाला, तिथून धारावीचं तेरा कंपाउंड, म्हणजे रिसायकलिंगवाल्यांची वस्ती. जे तिने उचललं ते देवनारच्या किंवा कांजूरच्या डम्पिंगला गेलं नाही, म्हणजे महापालिकेचा तेवढा डंपरचा खर्च वाचला आणि तिला कोणी पगार दिला नाही. वेफर्सची, शॅम्पूची पाकिटं ती सोडून देते, कारण त्याला भंगारवाला एक पैसा देत नाही, ते चकचकीत थर एकमेकांपासून सुटतच नाहीत. ती गेटपाशी उरलेली पाकिटं दिसली की लोक म्हणतात बाईने घाण केली. घाण तिने केली का दहा मिनिटांत वेफर्स मागवणाऱ्याने? का ते पाकीट बनवणाऱ्या कंपनीने, जिच्यावर प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी कायद्याने टाकलेली आहे? आत्याच्या सोसायटीत कुरिअरवाल्याला लिफ्ट आहे आणि हिला गेटपण बंद!

शुल्काचं एका ओळीत सांगते. महापालिकेच्या कचऱ्याच्या नियमांच्या 2025 च्या मसुद्यात 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला 100 रुपये होते, ओरडा झाला आणि ते बासनात गेलं. आधी आहे त्या पैशाचा हिशोब द्या हे म्हणणं मला पटतं. पण हिशोब महापालिकेकडे मागायचा, त्या बाईची गोणी हिसकावून नाही. आत्या, पुढच्या मीटिंगला तो ठराव मागे घ्यायला तूच उभी राहा, आणि सुका कचरा ओल्यात मिसळून देणारे तुमच्या विंगमध्ये कोण आहेत ते पण तिथेच विचार, सेक्रेटरींपासून सुरुवात कर.