फुकट काय ओ, फुकट?

आज संध्याकाळी पार्किंगमध्ये शेजारचे काका म्हणाले, "नशीबवान आहेस. हजारोंचा फ्युएल पंप कंपनीनं फुकटात बदलून दिला." मी हसले आणि वर आले. पण डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझ्या गाडीचा रिकॉल होता, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्या होत्या. पंपातला छोटा पंखा पेट्रोलमध्ये राहून फुगतो, अडकतो आणि चालती गाडी बंद पडू शकते. ही कंपनीचीच चूक. मला ती कळली कुणाकडून? आमच्या गॅरेजवाल्या मामांकडून. गाडी सेकंडहँड, पत्र गेलं असेल तर पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. मामांनी आरसी मागितली, चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला आणि म्हणाले, "ताई, हे आधी करून घ्या. मला एक रुपया देऊ नका, शोरूमलाच जा."

गेले. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "फ्रीचं काम आहे मॅडम, थांबावं लागेल. सर्व्हिसिंग पण करून घेताय का?" म्हणजे सर्व्हिसिंगचे पैसे मोजले तर लवकर नंबर! मी नाही म्हटलं. मग पार्ट नाही, फोन करू. फोन काही आला नाही.

आता सोलापुरात राहणाऱ्यांना मी काय वेगळं सांगू? गाळप सुरू झालं की टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत हायवेवर उसाच्या जोड ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रात्री पुण्याहून येताना, आई शेजारी बसलेली असताना अशा दोन ट्रॉल्यांच्या मध्ये इंजिन बंद पडलं तर? आणि इथे हा मुलगा मला "फ्रीचं काम" ऐकवतो!

बरं, त्याचीही बाजू असेल. पार्ट वरून येतात, मेकॅनिक कमी असतात, वॉरंटीच्या कामात शोरूमला फारसं सुटत नसेल. असेल. पण ते त्यांनी आणि कंपनीनं आपसात मिटवावं ना. माझ्याशी बोलताना तोंड असं का, जसं काही मी लग्नात आहेर न देता दुसऱ्यांदा पंगतीला बसलेय?

आपल्याकडे कायदा आहे, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 110अ कलम आलं. सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू आहेत, त्यात 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे. फक्त सक्तीचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. वा! आठव्या वर्षी पंप शहाणा होतो वाटतं. सोलापुरात किती गाड्या सात वर्षांच्या आतल्या आहेत, जरा सात रस्ता चौकात उभं राहून बघा.

आणि "गाडी तर झकास चालतेय" म्हणणाऱ्यांनो, जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगाही झकासच दिसायच्या. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवेनं बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. जगभरात कोट्यवधी एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या, 2017 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तरी पत्र येऊनही न गेलेले लोक होतेच. आपली हवा कोरडी, मान्य. ऊन तर आहे ना.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो काउंटरवरचा मुलगा विशीतला असेल. त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सर्व्हिसिंगच्या बिलांचं टार्गेट मिळत असणार, रिकॉलचं कोण देतंय? गॅरेजवाल्या मामांना तर यात काहीच मिळणार नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं पंप विकला असता तर मला कळलंही नसतं.

तेव्हा आज घरातली आरसी काढा, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर. चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाका, नाहीतर शोरूमला फोन करून विचारा. पार्ट आणि मजुरी दोन्हीचं बिल शून्य यायला हवं. सर्व्हिसिंग गळ्यात मारायला लागले तर सरळ नाही म्हणा. जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, रिकॉलचं काम झाल्याचं लिहून घ्या. "पार्ट नाही" म्हणाले तर तेही लेखी मागा आणि कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका. माझ्या मेलनंतर तोच पार्ट लगेच कुठून उगवला, ते मी अजून विचारलेलं नाही.