माळावर पडणारा नायट्रोजन म्हणजे ‘फुकटचं खत’ नव्हे

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, मग त्याचं प्रदूषण कसलं? कोरड्या माळावर तो पडला तर फुकटचं खत. गवत वाढेल, मातीतले जीव पोसले जातील. बिघडलंच काही, तर भर थांबली की सगळं पूर्ववत.’ माळरानावर जीव असल्यामुळे उत्तर द्यावंसं वाटलं.

७८ टक्क्यांचं आधी उरकतो. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की गवताला त्याचा थेट उपयोग नाही. प्रदूषण म्हणतात ते धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांना आणि शेण-युरियातून उडणाऱ्या अमोनियाला. यांतला नायट्रोजन झाडांना सहज उचलता येतो.

गवत वाढेल, हे खरंच. पण कोणतं? कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ, जिथे आपली कितीतरी मराठी माणसं राहतात, कोयोटी रिज नावाची डोंगररांग आहे. सर्पेंटाइन खडकाची माती, नायट्रोजनला महाग. त्या गरिबीमुळेच तिथली ठेंगणी रानफुलं टिकली, कारण दांडगं गवत तिथे तग धरत नसे. गाड्यांच्या धुरातून त्या भागात वर्षाला हेक्टरी सुमारे १० ते १५ किलो नायट्रोजन पडू लागला. आपण उसाला याच्या कितीतरी पट टाकतो. माळाला मात्र एवढाही फार झाला. इटालियन राय गवत माजलं, त्याच्या वाळल्या काडाखाली फुलझाडं दडपली. त्यांत इसबगोलाच्या गोत्रातलं एक चिमुकलं रोप होतं, ज्यावर बे चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या वाढतात. परिसंस्थांचे अभ्यासक स्टुअर्ट वाइस यांनी १९९९ मध्ये दाखवलं की गुरं चरायची थांबली तिथे या फुलपाखराची संख्या कोसळली. चराई चालू होती तिथे ते टिकलं, कारण गुरं राय गवत खाऊन संपवत होती.

‘पाणीच नाही, तर नायट्रोजन काय करणार?’ असंही कुणी विचारतं. कोरड्या महिन्यांत तो पानांवर, मातीवर साचत राहतो. पहिल्या पावसासरशी मुळांशी उतरतो, आणि झटपट वाढणारं गवत तो आधी लुटतं.

मातीतले जीव पोसले जातील, हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. झाड मुळांतून मायकोरायझा बुरशीला साखर देतं. बदल्यात बुरशी स्फुरद, नायट्रोजन आणून देते. नायट्रोजन दाराशीच पडला की झाड या सोयरिकीवर कमी खर्च करतं आणि बुरशीची उपासमार होते. शिवाय अमोनियाचं नायट्रेट होताना माती आंबट होते. परिसंस्थांच्या अभ्यासक कॅथलीन ट्रेसेडर यांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या परिसंस्थांतले ८२ अभ्यास एकत्र तपासले: नायट्रोजन घातल्यावर सूक्ष्मजीवांचं एकूण वजन सरासरी १५ टक्क्यांनी घटलं होतं. सगळेच मरत नाहीत. भराभर वाढणारे जिवाणू उलट फोफावतात, पण घटतात ते चिवट काडीकचरा सावकाश कुजवणारे.

राहिलं ‘पूर्ववत’. अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीकच्या रेताड गवताळ जमिनीवर नायट्रोजन घालून पाहण्याचे प्रयोग १९८२ पासून चालू आहेत. वर्षाला हेक्टरी १० किलोसारख्या थोड्या मात्रेनेही वनस्पतींच्या जाती १७ टक्क्यांनी कमी झाल्या. भर थांबवल्यावर १३ वर्षांत त्यांची संख्या सावरली. पण जिथे मात्रा मोठी होती, तिथे खत बंद करून २० वर्षं झाली तरी गेलेल्या जाती परतल्या नव्हत्या.