हेडफोन घ्यावा तर खोका वाचून

गाणी ऐकायला दहा-पंधरा हजारांत हेडफोन घ्यायचाय ना? मग एक पथ्य पाळा: विकत घेण्याआधी तो कानाला लावायचा नाही. लावला की मत बनतं, आणि खोक्यावर एवढं छान छापलेलं असताना स्वतःचं मत हवंय कशाला?

'५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' दिसलं की पाकीट काढा. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर त्यातूनही घटत जातं. पण वटवाघळांच्या वाटचं आपण का सोडावं? त्या ५ हर्ट्झपाशी आवाज किती डेसिबलने पडलाय, हे विचारून विक्रेत्याला उगाच संकटात टाकू नका.

इम्पीडन्सचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत विरोधाचा, आकडाही भारदस्त हवा. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोच्या ३२, ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्या आहेत. तुम्ही २५०चाच घ्या आणि थेट मोबाईलला जोडा. बहुतेक फोन त्याला पुरेसा व्होल्टेज देत नाहीत, त्यामुळे आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी गायक शेजारच्या खोलीतच. मग ॲम्प घ्या, म्हणजे फोनच्या आवाजाला जोर देणारा डबा. ॲम्प आला की 'आता डॅक?' (म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणारा आणखी एक डबा) असं विचारणारा कुणीतरी भेटतोच.

लोकलने जाता? मग ओपन बॅक, म्हणजे ज्याच्या कपांची पाठ बंद नसून जाळीची असते तो. सेनहायझरचा एचडी ५६०एस शांत खोलीत खरोखर सुरेख वाजतो (एवढं खरं बोलल्याबद्दल माफी). डब्यात मात्र जाळीतून तुमची भैरवी सगळ्यांना आणि चौथ्या सीटवरचं भांडण तुम्हाला. वर तीन मीटर वायर, म्हणजे उतरताना दुसऱ्याच्या बॅगेत अडकायला भरपूर.

दुकानात चुकून कानाला लावलाच, तर धांगडधिंगा असलेलं गाणं लावा. विलंबित ख्याल लावलात तर पंचाईत! बास फुगवलेला असेल तर डग्ग्याची घुमक तानपुऱ्यावर पसरते आणि जवारीची झिणझिण गायब होते. वरचे सूर टोकदार केलेले असतील तर बोलांमधला प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा टोचतो. दोन मिनिटांत सगळं उघडं पडतं. दोन हेडफोनांची तुलना करताना महागड्याचा आवाज जरासा चढा ठेवा. एखाद-दुसऱ्या डेसिबलनेही तोच सरस वाटेल.

चष्मा असेल तर घरी काढून जा. काडीमुळे पॅड आणि कानशील यांच्यात फट पडते आणि बास तिथूनच पळतो. कप तळव्यांनी हलके दाबल्यावर बास एकदम वाढला, तर समजावं की पॅड नीट बसत नाहीये. तेव्हा दाबू नका.

ब्लूटूथ हवा असेल तर एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह गाणं पाठवायची पद्धत, ९९० केबीपीएस! तुमच्याकडे आयफोन असला तरी एलडॅकच. आयफोनला तो चालत नाही आणि गाणी एएसी या दुसऱ्या पद्धतीनेच येतात, पण खोक्यावरचा शिक्का सोनेरी असतो. सुटे पॅड मिळतात का, बॅटरी बदलता येते का, हे कंजूष लोकांचे प्रश्न. पावसाळी दमट हवेत रेक्झिनचे पोपडे कानामागे चिकटू लागतील तेव्हा बघू.

आणि घरी आणल्यावर आवाज आवडला नाही, तर लगेच परत करू नका. आधी १०० तास 'बर्न-इन' करा, म्हणजे आवाज सुधारेल या आशेने नुसता वाजवत ठेवा. रोज दहा तास वाजवत ठेवलात की दहाव्या दिवशी होतात, आणि परतीची मुदत सहसा सातव्या दिवशी संपते.